मागच्या चाकांचा परकार

मोटारगाडीला बोटभरसुद्धा आडवं सरकता येत नाही. ती पुढे जाते, मागे येते, वळते. पण शेजारची जागा रिकामी दिसते आहे म्हणून नुसती हातभर उजवीकडे सरकावी म्हटलं, तर चाकं त्याला तयार नसतात. तरीही रोज जगभरात कोट्यवधी गाड्या दोन शेजाऱ्यांच्या मधल्या जागेत नीट जाऊन उभ्या राहतात. ज्या दिशेला जाताच येत नाही, त्या दिशेला गाडी पोचते कशी? या प्रश्नाचं उत्तर काही माणसांना कागदावर न देता हातापायांनी द्यावं लागतं. ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग टेस्टची तयारी करणारे शिकाऊ चालक हे त्यांतले एक.

तिथली टेस्ट सुमारे ४० मिनिटं चालते आणि तेवढ्यात परीक्षक रिव्हर्सचं एक काम करायला सांगतो. कधी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीमागे गाडी लावायची, कधी उजव्या कडेला थांबून दोन गाड्यांच्या लांबीइतकं मागे यायचं, आणि कधी ‘बे पार्किंग’ करायचं. बे म्हणजे पांढऱ्या रेषांनी आखलेला, तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूनं उघडा असा चौकोन. गाडी मागे घेत त्यात घालायची आणि सरळ बाहेर काढायची, किंवा पुढून आत घालून मागे घेत बाहेर काढायची. ही दुसरी, पुढून शिरण्याची पद्धत ४ डिसेंबर २०१७ पासून टेस्टमध्ये आली. त्याच दिवसापासून कोपऱ्यावरून रिव्हर्स घेणं आणि रस्त्यातच पुढे-मागे करून गाडी उलट फिरवणं या दोन जुन्या कसरती टेस्टमधून गेल्या. माणसं खऱ्या आयुष्यात जे करतात तेच तपासावं, असा त्यामागचा विचार होता. मला तो पटतो. बाजारहाटाला, दवाखान्यात, शाळेत, कुठेही गेलं तरी शेवटी गाडी लावावीच लागते.

ब्रिटनमधला नेहमीचा चौकोन २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर लांब असतो. एखादी मध्यम हॅचबॅक आरसे सोडून पावणेदोन मीटर रुंद भरते. म्हणजे गाडी अगदी मधोमध उभी राहिली, तर दोन्ही बाजूंना ३२-३३ सेंटिमीटर जागा उरते. आरसे धरले तर आणखी कमी. टनभर वजनाची चार मीटर लांब वस्तू, मान मागे वळवून, आरशात बघत, एका वितीहून थोड्या जास्त अंतराच्या हिशेबानं बसवायची आहे, हे लक्षात घेतलं की शिकणाऱ्याच्या तळहातांना घाम का फुटतो ते कळतं.

हा घाम अनेक मराठी तळहातांनाही फुटलेला आहे. भारतातलं लायसन्स ब्रिटनमध्ये राहायला गेल्यावर १२ महिनेच चालतं. भारताशी लायसन्सच्या अदलाबदलीची सोय नाही. त्यामुळे पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही तिथं शिकाऊ परवाना काढून, लेखी परीक्षा देऊन, पुन्हा टेस्टला बसावं लागतं. रेडिंगला नव्यानं गेलेल्या अशाच एका मुलीचा सराव मी पाहिला. रविवारी सकाळी लवकर, सुपरमार्केट उघडायच्या आत, मोकळ्या पार्किंगमध्ये तिचा थोरला भाऊ तिला शिकवत होता. तो तिथं बरीच वर्षं राहिलेला, तिथलंच लायसन्स असलेला; शिकाऊ माणसाच्या शेजारी असाच कुणीतरी बसावा लागतो. “अगं, आत्ता काट, आत्ता!” असं त्यानं म्हणायला आणि तिनं “दादा, तू जरा गप्प बस, मला रेष दिसू दे,” असं म्हणायला एकच गाठ पडली.

रात्री पाऊस पडून गेला होता. डांबर बहुतेक वाळलं होतं, पण एका सखल जागी पाणी साचलेलं. तिची गाडी त्या पाण्यातून मागे येत वळली आणि कोरड्या डांबरावर ओल्या टायरांचे माग उमटले. मी खाली उतरून पाहत राहिलो. माग चार होते. चार चाकं म्हणून चार माग, यात नवल काय, असं वाटेल. पण पुढच्या चाकांचे माग मागच्या चाकांच्या मागांवर पडलेले नव्हते. चार वेगळे कंस होते, चारांची वाकण वेगळी, आणि नजरेनं त्यांचा मध्य शोधू लागलं तर चारही कंस एकाच बिंदूभोवती फिरलेले वाटत होते. तो बिंदू गाडीच्या बाहेर होता, काही पावलांवरच्या रिकाम्या डांबरावर. तिथं काहीच नव्हतं. खिळा नाही, खूण नाही. तरी सगळी गाडी त्याच्याभोवती फिरून गेली होती.

तो बिंदू नेमका कुठे असतो, हे सांगता येतं, आणि बे पार्किंगची सगळी किल्ली त्यातच आहे. चाक आपल्या आसाला काटकोनात घरंगळतं. म्हणून ते वर्तुळात फिरत असेल, तर वर्तुळाचा मध्य त्याच्या आसाच्या सरळ रेषेतच कुठेतरी असायला हवा. नाहीतर टायर घासत जाईल. मागची दोन्ही चाकं वळत नाहीत. त्यांचा आस गाडीला कायमचा आडवा. म्हणजे गाडी कुठल्याही वळणावर असो, स्टेअरिंग कितीही काटलेलं असो, तिच्या फिरण्याचा मध्य मागच्या आसाच्या वाढवलेल्या रेषेवरच असणार. स्टेअरिंग थोडं काटलं की तो बिंदू त्या रेषेवर लांब जातो, जास्त काटलं की जवळ येतो, चाकं सरळ केली की पार अनंतात जातो. हातातलं स्टेअरिंग फिरवणारा माणूस खरं तर मागच्या चाकांच्या रेषेवर परकाराचं टोक पुढे-मागे सरकवत असतो.

आकडे घालून पाहू. पुढच्या आणि मागच्या आसांत अडीच मीटर अंतर आणि दोन चाकांत दीड मीटर अंतर असलेली हॅचबॅक घेऊ. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण काटलं की तिच्या मागच्या आसाचा मध्य साधारण ३.६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो. आतलं मागचं चाक मात्र २.८ मीटरवर फिरतं आणि बाहेरचं पुढचं चाक ५ मीटरवर. काटकोनात वळायचं झालं, तर आतलं मागचं चाक साडेचार मीटरच्या आतच चालतं आणि तेवढ्याच वेळात बाहेरचं पुढचं चाक जवळजवळ आठ मीटर चालून येतं. एकाच गाडीची दोन चाकं, एकच वळण, आणि अंतरात दुपटीला थोडंच कमी एवढा फरक. चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पत्ता लागू नये म्हणून माणसांनी सव्वाशेहून जास्त वर्षं डोकं लावलेलं आहे. चारचाकी घोडागाडीत पुढचा आस अख्खाच्या अख्खा मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. घोडे ओढतील तिकडे आस वळायचा. पण तो फार वळला की गाडीचा टेकू अरुंद होई आणि गाडी कलंडे. इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावचे डॉक्टर इरॅस्मस डार्विन, म्हणजे चार्ल्स डार्विनचे आजोबा, रोगी तपासायला खराब रस्त्यांवरून सतत घोडागाडीनं फिरत. १७५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तोड काढली. आस जागेवर घट्ट ठेवायचा आणि दोन टोकांची चाकं आपापल्या खिळ्यावर वेगवेगळी वळवायची, तीही वेगवेगळ्या कोनांत. त्यांनी पेटंट काही घेतलं नाही. पुढे म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्परगर या बग्गी बांधणाऱ्या कारागिरानं हीच कल्पना नव्यानं मांडली, आणि १८१८ साली लंडनमध्ये त्याच्या वतीनं पेटंट घेतलं रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी. जन्मानं जर्मन असलेले अ‍ॅकरमन लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर छापील चित्रांचं दुकान चालवत. त्याआधी त्यांचा धंदा बग्ग्यांचे नमुने काढण्याचा होता आणि अ‍ॅडमिरल नेल्सनच्या अंत्ययात्रेच्या रथाचं कामही त्यांच्याकडे आलं होतं. कल्पना दुसऱ्यांची असली तरी नाव त्यांचं राहिलं. आजही इंजिनिअरिंगच्या वर्गात ती ‘अ‍ॅकरमन भूमिती’ म्हणूनच शिकवतात. लांकेन्स्परगरचं नाव त्या वर्गात फारसं निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वेगवेगळे कोन कशासाठी? वरच्या हॅचबॅकचंच उदाहरण चालू ठेवू. फिरण्याचा मध्य आतल्या पुढच्या चाकाला जवळचा आणि बाहेरच्याला लांबचा. दोघांच्या आसांच्या रेषा त्याच बिंदूत मिळायच्या, तर आतल्या चाकाला सुमारे ४२ अंश वळावं लागतं आणि बाहेरच्याला ३० अंशच. दोन्ही चाकं सारखीच वळवली, तर त्यांतलं एक तरी सतत घासत राहील. गंमत अशी की हे करायला कुठलंही अवघड यंत्र लागत नाही. पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचा आयत न ठेवता समलंब चौकोन केला, म्हणजे दोन्ही बाजूंचे छोटे हात थोडे आत झुकवले, की बारा अंशांचा हा फरक जवळजवळ आपोआप पडतो. कार्ल बेन्झ यांनाही ही अडचण आलीच. १८८६ साली पेटंट घेतलेल्या त्यांच्या पहिल्या मोटारीला तीनच चाकं होती, कारण पुढे एकच चाक असलं की दोघांचे कोन जुळवायचा प्रश्नच उरत नाही. चौथं चाक आलं ते १८९३ साली, वळण्याची ही अडचण त्यांनी आपल्या पद्धतीनं सोडवल्यावर. मागच्या दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा डिफरन्शियल मात्र त्याआधीच तयार होता. फ्रान्सच्या ओनेझिफोर पेकर यांनी तो १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी काढला होता.

आता चौकोनाकडे येऊ. पहिल्यांदा शिकणारा प्रत्येक जण विचारतो, समोरून सरळ आत घालता येत असताना मागून कशाला घालायची? समोर दिसतं, मागचं दिसत नाही. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या डांबरावरच्या बिंदूत आहे.

गाडी पुढून आत घातली की नाक आधी शिरतं. पण फिरण्याचा मध्य मागच्या आसाच्या रेषेवर असतो आणि मागचा आस अजून बाहेर वाटेत आहे. म्हणजे नाक दोन शेजारी गाड्यांच्या मध्ये शिरलेलं असताना त्याला अजून आडवं झुलायचं असतं, आणि नेमकी तिथंच जागा नसते. शिवाय मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून येत नाहीत, आतून कापत येतात. आपल्या हॅचबॅकच्या आतल्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मागांत पाऊण मीटरहून जास्त, जवळजवळ ९५ सेंटिमीटर अंतर पडतं. नाक सुखरूप गेलं म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाचं मागचं दार शेजारच्या बंपरला घासतं, ते यामुळे. वरंध्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात एसटीचा ड्रायव्हर हेअरपिन वळणावर बस आधी पार बाहेरच्या कडेला नेतो आणि मग वळवतो. बाहेरचा प्रवासी दरीकडे बघून डोळे मिटून घेतो, पण ड्रायव्हरला ठाऊक असतं की मागची चाकं आतून येणार, आणि त्यांना डोंगराच्या बाजूला जागा ठेवायला हवी.

मागे घेताना सगळं उलटतं. चौकोनात आधी शिरतो तो मागचा आस, म्हणजे ज्याच्या रेषेवर फिरण्याचा मध्य आहे तोच भाग. मागचा भाग आडवा झुलत नाही. तो चाकांच्या दिशेनंच जातो आणि एकदा रेषांच्या मध्ये आला की तिथेच राहतो. झुलतं ते नाक, आणि नाक बाहेरच्या मोकळ्या वाटेत असतं. जिथं जागा कमी तिथं गाडीचं न झुलणारं टोक, आणि जिथं जागा भरपूर तिथं झुलणारं. गोदामातली फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, म्हणून तिचं हे सगळं समोरच्या टोकाला घडतं. ती पुढे जात अरुंद फटीत शिरते, मालाखाली काटे सरकवते आणि तिचं मागचं अंग मोकळ्या बोळात झुलतं. रिव्हर्समध्ये आलेली मोटार म्हणजे पुढे जाणारी फोर्कलिफ्टच.

हे मी जेव्हा पहिल्यांदा नीट समजून घेतलं, तेव्हापासून रिव्हर्स पार्किंग ही मला शिक्षा वाटत नाही. गाडी बांधणाऱ्यांनी पुढची चाकं वळवायची ठरवली ती रस्त्यावर वेगात स्थिर राहावं म्हणून. त्याच निर्णयाचं दुसरं फळ असं की मागे येताना ती अरुंद जागेत शिरायला फार कुशल होते. निघताना तोंड वाटेकडे असतं आणि येणारा-जाणारा माणूस, धावणारं मूल समोर दिसतं, हा फायदा तर आहेच.

मग चूक होते कुठे? बहुतेक वेळा दोन गोष्टींत. एक म्हणजे दिशा. मागे जाताना स्टेअरिंग उलटं चालतं अशी खूप जणांची समजूत असते. ते उलटं चालत नाही. मागचं अंग उजवीकडे हवं असेल, तर स्टेअरिंग उजवीकडेच काटायचं. उलटं होतं ते मागे ट्रेलर जोडलेला असला तर. गोंधळ होतो कारण नजर नाकावर असते, आणि नाक तेव्हा डावीकडे झुलत असतं. नजर मागच्या काचेत आणि आरशांत ठेवली, की हात बरोबर दिशेला जाऊ लागतात. शिवाय पुढे जाताना स्टेअरिंग सैल सोडलं की चाकं आपोआप सरळ होऊ पाहतात; पुढच्या चाकांचा फिरण्याचा खिळा मुद्दाम थोडा तिरका बसवलेला असतो, त्याचा तो परिणाम. मागे येताना तोच तिरकेपणा उलट काम करतो आणि चाकं आणखी वळू पाहतात. म्हणून वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग हातांनी सरळ करून घ्यावं लागतं. पुढे चालवायची सवय झालेल्या हातांना ही मदत अचानक नाहीशी झाल्यासारखी वाटते.

दुसरी गोष्ट वेग. गाडीची भूमिती वेगाला विचारत नाही, पण आपले हात विचारतात. सरळ चाकांपासून पूर्ण काटेपर्यंत स्टेअरिंगचे सुमारे दीड वेढे होतात आणि नवख्या हातांना त्याला तीनेक सेकंद लागतात. ताशी तीन किलोमीटर, म्हणजे चालण्याहूनही कमी वेगानं गाडी मागे येत असेल, तर त्या तीन सेकंदांत ती अडीच मीटर गेलेली असते. एका चौकोनाची रुंदीच तेवढी. म्हणजे मनातल्या वर्तुळाऐवजी आधी हळूहळू वाकत जाणारी एक लांबट रेष येते आणि मगच वर्तुळ सुरू होतं. रेल्वेमार्ग आखणारे अशी हळूहळू वाकत जाणारी रेष मुद्दाम घालतात, नाहीतर सरळ रुळावरून वळणावर जाताना डब्यांना धक्का बसेल. पार्किंगमध्ये ती नको असते. म्हणून शिकवणारे एकच पालुपद लावतात, क्लच अर्धा धरून गोगलगाईच्या चालीनं घ्या. ताशी एक किलोमीटरला तीच अडीच मीटरची चूक पाऊण-एक मीटरवर येते.

ब्रिटनमधले प्रशिक्षक शिकणाऱ्याला खुणा देतात. कुणी सांगतं, या चौकोनाच्या पुढची अमुक रेष खांद्याच्या सरळीत आली की थांबायचं आणि पूर्ण काटायचं. कुणी आरशाची कड धरायला सांगतं, कुणी मागच्या दाराची खिडकी. रेडिंगच्या त्या मुलीनंही खुणा पाठ केल्या होत्या, आणि पाठ केलेलं कुठून आलं ते तिला हवं होतं. ते काढता येतं. काटकोनात वळताना मागच्या आसाचा मध्य त्रिज्येइतका मागे येतो आणि त्रिज्येइतकाच बाजूला सरकतो. आपली त्रिज्या ३.६ मीटर. म्हणून हव्या त्या चौकोनाच्या मध्यरेषेपासून मागची चाकं ३.६ मीटर पुढे गेली की पूर्ण काटायला सुरुवात करायची. चौकोन २.४ मीटर रुंद, तेव्हा हे अंतर बरोबर दीड चौकोनांचं झालं. म्हणजे मागचा आस हव्या चौकोनाच्या पुढचा एक अख्खा चौकोन ओलांडून, त्याच्या दूरच्या रेषेवर येतो. चालकाचा खांदा मागच्या आसाच्या मीटर-सव्वा मीटर पुढे असतो. तेवढी भर घातली की खांद्याची खूण मिळते. गाडी बदलली की त्रिज्या बदलते, बसण्याची जागा बदलते, आणि खूण चुकते. ज्यानं फक्त खूण पाठ केली तो नव्या गाडीत अडतो. ज्याला मागचा आस मनात दिसतो तो दोन-तीन वेळात नवी खूण स्वतःच शोधतो. सरावाचं खरं काम मला हेच वाटतं, पाठीमागे असलेला तो न दिसणारा आडवा दांडा अंगाला जाणवू लागणं.

खूण मिळाली तरी डोळे मिटून काटायचं नसतं. परीक्षक तीन गोष्टी पाहतो: गाडी रेषांच्या आत आली का, ताबा किती आहे, आणि चालक चहूकडे बघतो का. कॅमेरा आणि सेन्सर असले तर वापरता येतात, पण त्यांच्याच भरवशावर राहून मान न वळवणाऱ्याची टेस्ट धोक्यात येते. हे योग्यच आहे. गाडीचं नाक वाटेत झुलत असतं, तेव्हा ते कुणाच्या अंगावर जात नाही ना हे मागचा कॅमेरा दाखवत नाही.

आपल्याकडे आरटीओच्या टेस्टला आठचा आकडा काढावा लागतो, ट्रॅकवर इंग्रजी ‘एच’सारख्या आखणीत रिव्हर्स घ्यावा लागतो. पण रिव्हर्सचं खरं शिक्षण अनेकांना सोसायटीच्या वॉचमनकडून मिळतं. “येऊ द्या साहेब, येऊ द्या… आता डावीकडं मारा, फुल मारा… येऊ द्या… हां, सरळ करा… सरळच येऊ द्या… बास!” एवढंच त्याचं बोलणं. अर्धवट काटा, थोडं सोडा, किंचित धरा, असलं काही तो सांगत नाही. फुल मारा, सरळ करा, बास. मला या तीन आज्ञांबद्दल फार आदर आहे, कारण गणितज्ञांना त्या सिद्ध करायला १९९० साल उजाडावं लागलं.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या लेस्टर ड्यूबिन्स यांनी प्रश्न घातला होता: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वळू न शकणाऱ्या आणि फक्त पुढे जाणाऱ्या वाहनानं एका जागेहून दुसऱ्या जागी, तोंड ठरलेल्या दिशेला करून, सर्वांत कमी अंतरात कसं पोचावं? उत्तर आलं की वाट फक्त दोनच प्रकारच्या तुकड्यांची असते, पूर्ण काटलेलं वर्तुळ किंवा सरळ रेष. अर्धवट वळण त्यात कुठेच येत नाही. १९९० मध्ये जे. ए. रीड्स आणि लॉरेन्स शेप यांनी त्याच प्रश्नात रिव्हर्सची मुभा दिली. पुन्हा तेच उत्तर. पूर्ण काट आणि सरळ, यांचे जास्तीत जास्त पाच तुकडे, आणि पुढचं-मागचं बदलणं जास्तीत जास्त दोनदा. मोकळ्या मैदानात कुठूनही कुठेही, तोंड कुणीकडेही करून. वॉचमनची आज्ञावली आणि हे प्रमेय एकाच घडणीचं आहे. भिंती आणि शेजारच्या गाड्या आल्या की तुकडे वाढतात, पण त्यांचा प्रकार बहुधा तोच राहतो.

आता सुरुवातीचा प्रश्न, आडवं सरकण्याचा. प्रिन्स्टनचे गणितज्ञ एडवर्ड नेल्सन यांनी १९६७ च्या आपल्या गणिताच्या पुस्तकात गाडी पार्क करण्याचंच उदाहरण घेतलं. गाडीला दोनच गोष्टी येतात, स्टेअरिंग काटणं आणि चालणं. आधी काटून मग चाललं, की आधी चालून मग काटलं, याचा परिणाम सारखा येत नाही. या दोन क्रमांतल्या फरकातून गाडीचं वळणं निघतं, आणि वळणं व चालणं यांचे क्रम पुन्हा असेच उलटसुलट केले की आडवं सरकणं निघतं. नॉर्वेच्या सोफस ली यांनी एकोणिसाव्या शतकात ज्या गणिताचा पाया घातला, त्याच गणितानं हे लिहिता येतं. मला यातलं आश्चर्य असं वाटतं की जी हालचाल यंत्रात मुळी नाहीच, ती असलेल्या दोन हालचालींच्या क्रमात दडलेली सापडते. २००३ साली जपानमध्ये टोयोटानं प्रियस गाडीत स्वतःहून स्टेअरिंग फिरवून पार्किंगला मदत करणारी सोय दिली, तेव्हा त्या संगणकालाही आडवं चाक मिळालेलं नव्हतं. त्यालाही याच दोन हालचालींत काम भागवावं लागलं.

हे किती सरकणं असतं, तेही मोजता येतं, आणि टेस्टला बसणाऱ्यानं ते मोजून ठेवावं. समजा गाडी चौकोनात सरळ आली, पण एका रेषेला चिकटली. टेस्टमध्ये एकदा पुढे घेऊन सावरून घेणं चालतं. पुन्हा पुन्हा केलं की ताबा नाही असं दिसतं. आपली हॅचबॅक पूर्ण डावीकडे काटून एक मीटर पुढे घेतली आणि लगेच पूर्ण उजवीकडे काटून आणखी एक मीटर घेतली, तर तिचं तोंड पुन्हा आधीच्याच दिशेला येतं, आणि ती डावीकडे सुमारे २८ सेंटिमीटर सरकलेली असते. मग चाकं सरळ करून मागे. दोन बाजूंना मिळून पासष्ट सेंटिमीटर मोकळे असतात, त्यांतले २८ म्हणजे चिकटलेली गाडी जवळजवळ मध्यावर आणायला पुरेसे. पण घाईत अर्ध्या-अर्ध्या मीटरवरच काटलं, तर सरकणं निम्मं होत नाही. चौथाई होतं, जेमतेम सात सेंटिमीटर. अंतर अर्धं केलं की लाभ पाव होतो. म्हणून सावरायचं ठरवलंच, तर समोरची वाट दोन्हीकडे नीट बघून गाडी ऐसपैस पुढे घ्यावी, नाक पूर्ण बाहेर येऊ द्यावं, आणि मगच मागे यावं.